सहा मैल बाय सहा मैल: स्प्रिंगडेल टाउनशिपच्या नकाशाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

बाहेर उणे वीसच्या आसपास, ड्राइव्हवेवरचा बर्फ दोनदा काढून झाला, उद्या कॉकस आहे, म्हणजे अध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार ठरवायच्या सभा, म्हणून टीव्हीवर दुसरं काही नाही, तर म्हटलं जे दोन वर्षं करायचं करायचं म्हणतोय ते सुरू करू. आयोवात येऊन नऊ वर्षं झाली आणि रोज ऑफिसला जाताना ज्या शेतांमधून जातो त्यांच्याबद्दल मला शून्य माहिती आहे. तर प्रकल्प असा: सीडर काउंटीतली स्प्रिंगडेल टाउनशिप, तिचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा, आणि त्यावर इतिहास-भूगोलाच्या छोट्या नोंदी. स्केल ठरवलं एक मैलाला सहा इंच, म्हणजे छत्तीस इंच बाय छत्तीस इंच, कारण टाउनशिप म्हणजे बरोब्बर सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन. बरोब्बर असं कागदावर, त्याचं पुढे बघू.

हीच टाउनशिप का? एकतर जवळ आहे, इंटरस्टेट ८० हायवे हिच्यातूनच जातो. आणि वेस्ट ब्रँच गावाचा बराचसा भाग हिच्यात येतो, जिथे हर्बर्ट हूव्हर जन्मला, ३१वा अमेरिकन अध्यक्ष. त्याच्या जन्माला यंदा ऑगस्टमध्ये १५० वर्षं होतील म्हणजे लोकांना थोडा इंटरेस्ट असेल. पण खरं सांगायचं तर हूव्हर मला तितका नकोच आहे, मला शेतं हवीत.

२० जानेवारी

आधी टाउनशिप म्हणजे काय हे स्वतःलाच नीट समजावून घेतलं, कारण पुण्यात टाउनशिप म्हणजे स्विमिंग पूल आणि सिक्युरिटी गेट. इथे तसं काही नाही. १७८५ चा लँड ऑर्डिनन्स म्हणून कायदा झाला, अमेरिका नुकतीच स्वतंत्र झालेली, युद्धाचं कर्ज डोक्यावर, आणि जवळ विकायला एकच वस्तू, जमीन. तीही बऱ्याच ठिकाणी अजून दुसऱ्याचीच. मग सगळ्या जमिनीवर आधी चौकोन मारायचे आणि मग ते विकायचे. सहा मैलांचा एक चौकोन म्हणजे टाउनशिप, त्यात एक-एक मैलाचे ३६ सेक्शन, एका सेक्शनमध्ये ६४० एकर, त्याचे चार तुकडे केले की १६० एकरचा क्वार्टर, त्याचे परत चार केले की चाळीस एकर. अख्ख्या टाउनशिपचे २३,०४० एकर.

आपल्याकडे आधी गाव असतं, मग गावाची शीव ठरते, आणि मोजणीवाले साहेब सगळ्यात शेवटी येतात आणि जे वाकडंतिकडं आहे तेच कागदावर उतरवतात. इथे उलटं. मोजणीवाला पहिला आला, माणसं नंतर.

संध्याकाळी बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "आन् पाणी? पाणी न बघता जमिनीचे तुकडे पाडले?" हो म्हटलं. "मग ज्याच्या वाट्याला वढा नाही आला त्यानं काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. औशाजवळ आमची अकरा एकर आहे, तिच्या दोन बाजू ओढ्यानेच ठरवल्यात.

२७ जानेवारी

आज मोठी चूक सापडली. ग्रिड केला, सेक्शनना नंबर दिले, डावीकडून उजवीकडे १ ते ६, खालच्या ओळीत ७ ते १२, असं आपण एक्सेलमध्ये देतो तसं. आणि मग जुन्या नोंदी एकही जुळेनात. शाळेसाठी राखलेला सेक्शन १६ भलत्याच जागी येत होता. दोन तास डोकं खाजवलं.

नंबर असे जात नाहीत. ईशान्य कोपऱ्यातून १ सुरू होतो, पश्चिमेकडे जात ६, मग खालच्या ओळीत तिथूनच ७ आणि आता पूर्वेकडे १२ पर्यंत, त्याखाली १३ आणि परत पश्चिमेला. शेवटचा ३६ आग्नेय कोपऱ्यात. बाबांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. त्यांचा लगेच व्हॉइस मेसेज: "आरं हे तर औताचं तास हाय की! बैल काय बांधावर पोचल्यावर उडून परत पहिल्या जागी येतंय व्हय, तिथंच वळतंय." एमटेक झालेल्या माणसाला दोन तास लागले आणि सातवी पास माणसाला सात सेकंद. नकाशाच्या कोपऱ्यात आता नांगराची छोटी खूण टाकणार आहे.

३ फेब्रुवारी

साखळीचा विषय. हा माझा सगळ्यात आवडता भाग होणार असं दिसतंय.

मूळ सर्व्हे झाला तो गुंटरच्या साखळीने. एडमंड गुंटर म्हणून इंग्रज गणिती, १६२० ची साखळी, लांबी ६६ फूट, १०० कड्या. ८० साखळ्या म्हणजे एक मैल, आणि दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, म्हणून हिशोब तोंडी होतो. दोन माणसं साखळी ओढत चालायची, पुढचा आणि मागचा, सर्व्हेअर होकायंत्र घेऊन, एकजण कुऱ्हाड घेऊन. दर अर्ध्या मैलाला खूण. जंगलात असेल तर जवळच्या झाडांवर खाच पाडायची आणि वहीत लिहायचं, अमुक जातीचं झाड, इतकी जाडी, कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर. पण इथे बहुतेक प्रेअरी, मैलोन्मैल गवत, झाडच नाही. मग काय करायचं, मातीचा ढीग करायचा, बाजूला खड्डे, मध्ये खुंटी. शिवाय वहीत जमिनीचा दर्जा, पहिल्या प्रतीची, दुसऱ्या प्रतीची. आणेवारीच म्हणा की.

आता गंमत. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ३३ म्हणजे ६६ च्या निम्मे! मुंबई इलाख्यात इंग्रजांनी मोजणी केली ती ३३ फुटी साखळीने, तिचे सोळा आणे पाडून. म्हणजे आमच्या सातबाऱ्यावरचे गुंठे आणि स्प्रिंगडेलचे सेक्शन एकाच साखळीची पोरं आहेत. चाळीस गुंठ्यांचा एकर इकडे आणि तिकडे तोच. १६० एकरचा क्वार्टर म्हणजे ६,४०० गुंठे. हा आकडा गावच्या ग्रुपवर टाकला तर लगेच एकाने विचारलं रोडटच आहे का, एनए होतंय का.

इथले कच्चे रस्तेही बऱ्याच ठिकाणी ६६ फुटांचे, म्हणजे एक साखळी रुंद, शेजारच्या दोघांकडून निम्मी-निम्मी साखळी घेऊन सेक्शनच्या रेषेवरून काढलेले. म्हणजे पाणंद, फक्त कुणी अतिक्रमण न केलेली.

१० फेब्रुवारी

नकाशाच्या आधीचं काय, हा प्रश्न टाळत होतो. चौकोन पडले तेव्हा जमीन रिकामी नव्हती. इथे सॉक आणि मेस्क्वाकी हे मूळ रहिवासी लोक होते. १८३२ मध्ये ब्लॅक हॉकचं युद्ध झालं, ऑगस्टमध्ये संपलं, आणि २१ सप्टेंबरला करार, मिसिसिपीच्या पश्चिमेचा मोठा पट्टा सरकारला दिला. १ जून १८३३ पासून गोऱ्यांना वस्तीला परवानगी. मग १८३७, मग १८४२, एकेक करार आणि एकेक पट्टा. पुढे १८४६ च्या २८ डिसेंबरला आयोवा राज्य झालं. सरकारी भाव सव्वा डॉलर एकर.

यातली एक गोष्ट मी नकाशावर ठळक घालणार आहे जरी ती या चौकोनाच्या बाहेरची असली तरी. १८५७ मध्ये मेस्क्वाकी लोकांनी टामा काउंटीत ८० एकर जमीन हजार डॉलर देऊन *विकत* घेतली. जी एकेकाळी त्यांचीच होती. आणि ते अजून तिथेच आहेत. मी रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर बाबांबरोबर ताटकळत बसून लहानाचा मोठा झालोय, त्यामुळे खरेदीखताची ताकद मला कुणी सांगायला नको, पण हे वाचून जरा वेळ गप्प बसलो.

१७ फेब्रुवारी

ओढे काढले. पहिल्या प्रयत्नात सगळे ओढे टेकडीवरून वाहत होते 😄. जुना लेअर एनएडी २७ मध्ये होता (नकाशाचे अक्षांश-रेखांश मोजायची १९२७ ची पद्धत), मी तो १९८३ च्या पद्धतीतला समजून घातला, सगळं जवळपास दोनशे मीटर सरकलं. दुरुस्त केलं.

वॉप्सिनॉनॉक क्रीक हे मुख्य नाव. तिचा पश्चिमेकडचा फाटा, वेस्ट ब्रँच, त्यावरून गावाचं नाव वेस्ट ब्रँच. म्हणजे बघा, इतके चौकोन मारले, नंबर दिले, आणि गावाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ओढाच आठवला. पाणी पुढे सीडर नदीत जातं. बाबांना सांगितलं, ते खूश, "मंग सांगत होतो काय."

२ मार्च

माती. आज थोडं ऊन होतं, बर्फ वितळलाय, रस्त्याच्या कडेच्या चरात उतरून माती हातात घेतली. बुटांची वाट लागली.

काळी आहे, पण आपली काळी नाही. आपली काळी बेसॉल्टची, पावसात चिकट, उन्हाळ्यात एवढ्या भेगा की लहानपणी त्यात माझा कंपास पडला तो अजून तिथेच असेल. इथली हातात घेतली तर भुसभुशीत, पिठासारखी, बोटांना गुळगुळीत लागते. कारण ती वाऱ्याने आलीय. हिमयुगात हिमनद्यांच्या पाण्याने जो गाळ नदीपात्रात आणला तो सुकला की वारा उडवून न्यायचा आणि या टेकड्यांवर थर साचायचा, त्याला लोएस म्हणतात. त्याच्या खाली त्याहून जुन्या हिमनद्यांनी टाकलेला दगडगोटे-चिकणमातीचा राडा. आणि वरचा काळा रंग गवताचा. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, माणसाच्या डोक्यावरून जाणारं गवत, मुळं खाली त्याहून खोल, हजारो वर्षं दरवर्षी मरून कुजून मातीत. इथल्या एका मातीचं नाव टामा, तीच आयोवाची राज्य-माती. टामा काउंटीवरून नाव, आणि काउंटीचं नाव एका मेस्क्वाकी प्रमुखावरून. जमीन गेली, नाव राहिलं.

आयोवाचा जवळपास ८० टक्के भाग प्रेअरी होता, आता ०.१ टक्कासुद्धा उरला नाही. हूव्हरच्या स्मारकाच्या जागेत ८१ एकर प्रेअरी १९७१ पासून परत लावून वाढवलीय. बाकी सगळीकडे मका-सोयाबीन, सोयाबीन-मका. बाबा पण सोयाबीन घेतात. त्याचा भाव शिकागोच्या बाजारात हलतो हे त्यांना माहितीय, रोज विचारतात "तुमच्याकडं पेरा किती झालाय?", जसं काही मी शेताशेतात जाऊन मोजतोय.

९ मार्च

शेजारच्या टाउनशिपमध्ये एक आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त शेतकरी, पूर्वी टाउनशिपचे ट्रस्टी होते. लायब्ररीत ओळख झाली. आज त्यांच्या घरी गेलो होतो, त्यांनी कॉफी दिली जी म्हणजे गरम पाणीच होतं, पण माणूस खणखणीत.

टाउनशिपचं सरकार म्हणजे तीन ट्रस्टी आणि एक क्लार्क, बस. काम काय, तर आग विझवायची व्यवस्था, दफनभूमीची निगा, आणि कुंपणाचे तंटे. तिसरं ऐकून मी खुर्चीत पुढे सरकलो. बांधाची भांडणं?! आजोबा हसले. कायद्यात ट्रस्टींना कुंपण-पंच धरलंय, दोन शेजाऱ्यांचं सामाईक कुंपणावरून वाजलं की हे तिघे शेतात जाऊन बघणार आणि निकाल देणार. आणि एक जुनी उजव्या हाताची पद्धत आहे. दोघांनी सामाईक हद्दीच्या बरोबर मध्यावर आपापल्या शेतात समोरासमोर तोंड करून उभं राहायचं, आपल्या उजव्या हाताला जेवढं कुंपण येईल ते आपण बांधायचं आणि सांभाळायचं. दोघांचे उजवे हात उलट्या दिशांना, त्यामुळे वाटणी आपोआप निम्मी-निम्मी.

मी विचारलं, कुणी बांध कोरतं का? म्हणजे दरवर्षी एक तास जास्त नांगरून शेजाऱ्यात सरकायचं. हे इंग्रजीत समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली आणि त्यांना समजल्यावर ते इतके हसले की कॉफी सांडली. म्हणाले एका शेजाऱ्याचं नाव घेणार नाही, पण मेलाय आता.

१६ मार्च

टाइल. आजोबांनीच दाखवली. वरून बघितलं तर ही शेतं साधी दिसतात, पण खाली जाळं आहे. ओल्या जमिनीतून पाणी काढायला फूटभर लांबीचे खापराचे पाइप, टोकाला टोक लावून, तीन-चार फूट खोल चरात. सांध्यातून पाणी आत झिरपतं आणि ओढ्याला जातं. पूर्वी हाताने खणायचे. आता काळा प्लास्टिकचा भोकं असलेला पाइप, मशीन सरळ पुरत जातं. आजोबांनी शेडमधून एक जुना खापराचा पाइप आणला, आतून हात फिरवला तर कुंभाराच्या मडक्यासारखा. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. आयुष्यभर ज्या माणसाने शेततळं, बंधारा, ठिबक असं करत पाणी *थांबवलं* त्याला शेतातून पाणी काढून टाकायला लोक पैसे घालतात हे पटवणं अशक्य आहे, मी सोडून दिलं.

याच पाइपांतून खताचं नायट्रेटही ओढ्यात, नदीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातं, तो इथला मोठा वाद आहे. नकाशावर एक ओळ घालणार, जास्त नाही.

३० मार्च

आता जॉन ब्राउन. हे सगळं वीकेंडभर वाचत होतो, बायको म्हणाली तू जेवायला येणारेस का तिथेच राहणारेस.

१८५० च्या दशकात इथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक येऊन वसले, ओहायो वगैरे कडून. साधे कपडे, युद्धाला विरोध, गुलामगिरीला विरोध. आणि मला आवडलेली गोष्ट, ते कुणालाच अहो-जाहो करायचे नाहीत. तेव्हाच्या इंग्रजीतलं आदरार्थी संबोधन त्यांनी नाकारलं, न्यायाधीश असो की गव्हर्नर, सगळ्यांना अरे-तुरे. देवापुढे सगळे सारखे म्हणून. आमच्या गावात असं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत पंचायत बसली असती.

अशा लोकांच्यात १८५७ च्या डिसेंबरात जॉन ब्राउन आपली माणसं घेऊन आला. कॅन्ससमध्ये गुलामगिरीवाल्यांशी रक्तपात करून आलेला, डोक्यात सशस्त्र उठावाची योजना. त्याची माणसं राहिली विल्यम मॅक्सनच्या घरी, स्प्रिंगडेल गावाच्या ईशान्येला तीन मैलांवर. मॅक्सन स्वतः क्वेकर नव्हता. ब्राउन स्वतः जॉन पेंटर नावाच्या क्वेकराकडे. अख्खा हिवाळा ही पोरं लाकडी तलवारी घेऊन कवायत करायची, अॅरन स्टीव्हन्स शिकवायचा. आणि रात्री काय करायची तर खोटी विधानसभा भरवायची, विधेयकं मांडायची, वाद घालायची, आसपासचे लोक ऐकायला यायचे. विचार करा, बाहेर आत्ता जानेवारीत होती तशी थंडी, घरात शेकोटी, आणि वीस-पंचवीस वर्षांची पोरं गुलामगिरीवर भाषणं ठोकतायत. क्वेकर लोक शस्त्राच्या विरोधात, पण या पोरांना जेवायला घालत होते. या विसंगतीवर त्यांच्यात घराघरात काय बोलणं होत असेल ते ऐकायला मी काहीही दिलं असतं.

१८५८ च्या एप्रिलमध्ये ते गेले. १८५९ च्या सुरुवातीला ब्राउन परत आला, या वेळी मिझुरीतून सोडवून आणलेल्या गुलाम माणसांना घेऊन, त्यांना दक्षिणेला जवळच्याच वेस्ट लिबर्टी स्टेशनवरून मालगाडीच्या डब्यात बसवून शिकागोला आणि तिथून पुढे कॅनडात पोचवलं.

३१ मार्च

काल अर्धंच लिहिलं.

स्प्रिंगडेलचे दोन भाऊ, एडविन आणि बार्कले कॉपॉक, क्वेकर घरातले, ब्राउनबरोबर गेले. इथल्या काही लोकांना कुणकुण लागली की हा म्हातारा मरणार आणि पोरांनाही मारणार. मोझेस व्हार्नी नावाच्या क्वेकराने काळजीने ही गोष्ट डेव्हिड ग्यू आणि त्याच्या भावाला सांगितली. ग्यूने ऑगस्ट १८५९ मध्ये युद्धमंत्री जॉन फ्लॉइडला निनावी पत्र लिहिलं, पत्रावर सिनसिनाटीचा शिक्का पडेल अशी व्यवस्था केली. उद्देश पकडून देणं नव्हता, सरकार सावध झालं तर हल्लाच होणार नाही आणि सगळे वाचतील असा हिशोब. पत्रात लिहिलं की मेरीलँडमधल्या शस्त्रागारात त्यांचा माणूस पेरलाय. मेरीलँडमध्ये शस्त्रागारच नाही, ब्राउन ज्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला करणार होता ते हार्पर्स फेरी तेव्हा व्हर्जिनियात. फ्लॉइडने पत्र बाजूला टाकलं. एका राज्याचं नाव चुकलं.

१६ ऑक्टोबरला हल्ला झाला, दोन दिवसांत संपला. एडविन पकडला गेला, १६ डिसेंबर १८५९ ला फाशी. बार्कले निसटला आणि स्प्रिंगडेलला *घरी* आला. व्हर्जिनियाने त्याला मागितलं. आयोवाचा गव्हर्नर सॅम्युअल कर्कवूड, त्याने कागद बघितले आणि त्रुटी काढून परत केले! हे वाचून मी टाळी वाजवली. तहसीलला अर्ज घेऊन गेलेल्या प्रत्येकाला त्रुटी या शब्दाची किंमत माहिती आहे, पण त्रुटीने कुणाचा जीव वाचल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. कागद दुरुस्त होऊन येईपर्यंत इकडे डे मॉइनहून घोडेस्वार सुटला, स्प्रिंगडेलला निरोप, बार्कले पसार. पण नशीब बघा, १८६१ च्या सप्टेंबरात, यादवी युद्ध सुरू झालेलं, बंडखोरांनी मिझुरीतला प्लॅट नदीवरचा रेल्वे पूल जाळून ठेवला आणि त्या अपघातात तो गेला.

नकाशावर यासाठी जागा किती? चार इंच बाय तीन इंच. बघू.

१४ एप्रिल

आज गाव पायी फिरलो. वेस्ट ब्रँच, लोकसंख्या अडीच हजार. रेल्वे १८७०-७१ च्या सुमारास वेस्ट ब्रँचला आली, स्प्रिंगडेलला नाही आली, आणि मग जे व्हायचं तेच झालं. टाउनशिपला नाव स्प्रिंगडेलचं पण दुकानं, बँक, शाळा सगळं वेस्ट ब्रँचला. स्प्रिंगडेल आता रस्त्यावरून जाताना डोळा लवला तर निघून जातं.

हूव्हरचं घर बघितलं. १४ फूट बाय २० फूट, दोन खोल्या. म्हणजे डोंबिवलीचा वन आरके. वडील लोहार. १८८० मध्ये वडील गेले, १८८४ मध्ये आई, पोरगा नऊ वर्षांचा. अकराव्या वर्षी गाडीत बसवून ओरेगॉनला मामाकडे. खाणीचा इंजिनिअर होऊन जगभर फिरला, ब्रह्मदेशातल्या खाणीतही होता, तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच. पुढे १९४६ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईची पाहणी करायला तो भारतातही येऊन गेला. अध्यक्षपद मात्र १९२९ ते ३३, मंदीची चार वर्षं, त्यामुळे नाव कायमचं खराब. १९३१ च्या सप्टेंबरात तर त्याच्याच सीडर काउंटीत शेतकरी बिथरले, गाईंची क्षयाची तपासणी सक्तीची केली म्हणून डॉक्टरांना शेतात येऊ देईनात, शेवटी राज्याच्या गव्हर्नरने नॅशनल गार्ड आणलं. गाईंचं युद्ध म्हणतात त्याला. समोर बंदुका आणि मध्ये दूध न काढलेल्या गाई.

त्याची कबर घराच्या समोरच टेकाडावर, पांढऱ्या संगमरवराची साधी शिळा, नाव आणि तारखा एवढंच. क्वेकर.

२१ एप्रिल

स्कॅटरगुड. वेस्ट ब्रँचच्या पूर्वेला क्वेकरांची बोर्डिंग शाळा, १८९० ची. मंदीत बंद पडली होती, तर १९३९ मध्ये हिटलरच्या तावडीतून सुटून आलेल्या लोकांसाठी तिथे वसतिगृह काढलं. १९४३ पर्यंत १८५ माणसं राहून गेली. व्हिएन्ना-बर्लिनची वकील, व्यापारी मंडळी मक्याच्या शेतात इंग्रजी बोलायला आणि गाडी चालवायला शिकत होती. माझी पहिली ड्रायव्हिंग टेस्ट पण इथल्याच मक्याच्या शेताजवळ झाली, नापास झालो होतो, चार दिशांच्या स्टॉप साइनवर मी सगळ्यांना आधी जाऊ देत राहिलो.

१८ मे

पेरण्या झाल्यात, आजोबांचा मुलगा रात्री अकरापर्यंत ट्रॅक्टरवर असतो. मी दुकानातून प्रिंट आणली. छत्तीस इंच सांगितलं होतं, नकाशा आलाय साधारण साडेपस्तीस. दुकानदार म्हणाला फाइलच तशी होती. फाइल तशी नव्हती, मी तीनदा बघितलं. वाद घालून उपयोग नाही, परत छापायचे पैसे माझेच, आणि बोर्ड सुताराकडून आधीच छत्तीसचा करून घेतलाय.

रात्री बाबांना सांगितलं, अर्धा इंच कमी आहे, चारी बाजूंनी पाव-पाव इंच सोडून मध्ये लावतो. मध्येच आठवलं आणि हसायला आलं. पृथ्वी गोल आहे, उत्तरेला जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात, शिवाय साखळी गवतात सैल पडते, त्यामुळे खरा चौकोन कधीच जमायचा नाही. मूळ मोजणीचा नियमच होता की आग्नेयेकडून नीट मोजत यायचं आणि जे काही कमी-जास्त भरेल ते सगळं उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या सेक्शनमध्ये टाकायचं. म्हणून त्या कडेचे तुकडे पुरते १६० एकर नसतात, कुठे १५३, कुठे १६४ असं काहीही. आणि वेस्ट ब्रँच गाव बरोबर त्याच वायव्य कोपऱ्यात बसलंय, सगळ्या उरल्यासुरल्या चुकांच्या जागी.

बाबा म्हणाले, "मंग तू बी तसंच कर की."

१९ मे

खालचा-उजवा कोपरा पक्का धरून चिकटवला. वर अर्धा इंच आणि डावीकडे अर्धा इंच पांढरी पट्टी सुटलीय. आजोबा बघायला आले होते, पहिलं बोट त्यांनी त्या पट्टीवरच ठेवलं आणि विचारलं, हा कुणाचा सर्व्हे?